जपानातलं उदोन, मारुगामे सेइमेन आणि आमचे माळकरी बाबा

दिवाळीनंतर दहा दिवस जपानला जाऊन आलो, टोकियो, क्योतो, ओसाका, नेहमीचाच मार्ग. मंदिरं आणि बुलेट ट्रेनबद्दल भरपूर वाचायला मिळतं त्यामुळे ते मी सोडून देते. मला फक्त जेवणाबद्दल लिहायचंय, आणि त्यातही मुख्यतः उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड जपानी शेवयांच्या, दुकानांच्या एकाच साखळीबद्दल, कारण घरातली मोठी माणसं घेऊन जाणाऱ्यांना त्याचा खरंच उपयोग होईल.

आम्ही पाच जण होतो. मी आणि नवरा सगळं खातो (बीफ सोडून), लेक नऊ वर्षांची, तिला तिखट अजिबात चालत नाही. सासूबाई मालवणच्या, मासे म्हणजे जीव की प्राण, पण सोमवार-गुरुवार कडक पाळतात. आणि सासरे माळकरी. गेली तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, अंडंसुद्धा नाही. लालबागच्या आमच्या घरात हे सगळं सुरळीत चालतं, बाबांची भांडी वेगळी, फोडणीची कढई वेगळी, कुणाला काही वाटत नाही. पण दहा दिवस रोज दोन वेळा बाहेर, ते पण जपानात, म्हणून निघायच्या आधी दोन महिने आमच्याकडे फक्त हाच विषय होता.

आणि एवढी तयारी करूनही पहिल्याच दिवशी चूक झालीच. विमानतळावरून हॉटेलवर पोचलो, सगळे थकलेले, जवळच्या एका छोट्या दुकानात शिरलो. चित्रावर नुसत्या शेवया, कांद्याची पात आणि पारदर्शक पाणी दिसत होतं, मी फोनवर विचारलं यात मांस आहे का, ते म्हणाले नाही. बाबांनी निम्मा वाडगा संपवला. आई मात्र पहिल्या घासालाच म्हणाल्या, "ह्या पाण्याक सुक्याचो वास येता गो." आम्ही म्हटलं असं कसं असेल, दमलात तुम्ही. रात्री खोलीवर नीट वाचल्यावर कळलं की आईंचंच बरोबर होतं. त्या रश्श्याला दाशी म्हणतात आणि तो मुळात सुक्या माशांवरच करतात. बाबांना सांगावं की नाही यावर मी आणि नवरा अर्धा तास बोलत बसलो, शेवटी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून आंघोळ केली, हरिपाठ म्हटला, मग म्हणाले, "नकळत झालं. आता कळलंय ना, पुढे सांभाळू." मला रात्रभर झोप लागली नाही. ही वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहितेय.

तर आधी दाशी समजून घ्या. कात्सुओबुशी नावाचा प्रकार असतो, म्हणजे ट्यूनाच्या कुळातला मासा उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवतात आणि मग त्याचे पातळ पापुद्रे काढतात. दुसरा प्रकार इरिको, छोटे मासे उकडून सुकवलेले, आपल्या सुक्या मांदेलीची आठवण येईल असे. सोबत कोंबु नावाचं समुद्री शेवाळ. हे पाण्यात उकळून गाळून घेतात, त्यामुळे वाडग्यात मासा दिसतच नाही. आणि मांस आहे का असं विचारलं तर समोरचा प्रामाणिकपणे नाही म्हणतो, कारण निकु म्हणजे मांस, त्यात त्यांच्या लेखी मासा धरत नाहीत. म्हणून विचारताना साकाना, म्हणजे मासा, आणि दाशी हे दोन्ही शब्द घेऊन विचारा. "मी व्हेजिटेरियन आहे" एवढं वाक्य तिथे पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने शोधून काढलं मारुगामे सेइमेन. ही साखळी २००० साली सुरू झाली, पहिलं दुकान ह्योगो प्रांतातल्या काकोगावा गावात, आणि नाव मात्र शिकोकु बेटावरच्या कागावा प्रांतातल्या मारुगामे शहराचं, कारण सानुकि उदोन म्हणजे जाडसर, चावायला घट्ट अशा उदोनचं माहेर तेच. कागावा हा जपानचा सगळ्यात छोटा प्रांत, तिथे पाऊस कमी म्हणून भाताऐवजी गहू पिकला आणि त्यातून उदोन. आज या साखळीची जपानात ८०० च्या वर दुकानं आहेत, त्यामुळे कुठल्याही मोठ्या शहरात नकाशावर नाव टाकलं की एखादं सापडतंच. आम्ही शिंजुकुत गेलो, मग क्योतोत, मग ओसाकात दोनदा, असे दहा दिवसांत चार वेळा.

आम्हाला तिथे जमलं त्याचं कारण म्हणजे सगळं डोळ्यांसमोर होतं. आत शिरल्या शिरल्या मैद्याचं पीठ लाटणारं, कापणारं मशीन, शेजारी भलं मोठं उकळतं भांडं, त्यात फक्त उदोन. पीठ, मीठ आणि पाणी, एवढंच, आणि त्याच दुकानात केलेलं. बाबा त्या भांड्यासमोर बराच वेळ उभे राहून बघत होते, आणि मला वाटतं तिथेच त्यांचा अर्धा विश्वास बसला.

आता रांग कशी चालते ते. दारातून ट्रे घ्यायचा, पहिल्या काउंटरला उदोन सांगायचं, वाडगा ट्रेवर आला की पुढे सरकायचं, मग तळलेल्या पदार्थांचं काउंटर, तिथे चिमट्याने आपलं आपण घ्यायचं, शेवटी पैसे. रांग आपल्या स्टेशनवरच्या वडापावच्या गाडीसारखी भराभर सरकते त्यामुळे पहिल्या काउंटरला पोचायच्या आधी ठरवून ठेवा, चित्रांचा मेन्यू बाहेर लावलेला असतो, त्याकडे बोट दाखवलं तरी चालतं. आकाराचे तीन शब्द पाठ करा, नामी म्हणजे साधा, दाई मोठा, तोकु सगळ्यात मोठा. नामीच पुष्कळ होतो, आमच्या लेकीला तर निम्माच पुरला. गरम हवं तर आत्सुइ, थंड हवं तर त्सुमेताइ. काके म्हणजे रश्श्यातलं उदोन, बुक्काके म्हणजे थोड्या पण घट्ट चवीच्या रश्श्याचं, ते थंडही मिळतं, झारु म्हणजे थंड उदोन आणि बुडवायला वेगळा सॉस. आणि कामाआगे, ते नीट लक्षात ठेवा, कारण बाबांचं जेवण त्यावरच निघालं. भांड्यातून काढलेलं उदोन त्याच गरम पाण्यासकट लाकडी टबात देतात आणि बुडवायचा सॉस वेगळ्या कपात. तो सॉस दाशीचा असतो, पण वेगळा असतो, म्हणजे घ्यायचाच नाही.

मग चवीला काय, हा प्रश्न होता. टेबलावर सोया सॉसची बाटली असते खरी, पण त्यातही बऱ्याचदा दाशी मिसळलेली असते, ती माळकरी माणसाला देऊ नका. आम्ही आदल्या रात्री कोपऱ्यावरच्या कॉनबिनितून, म्हणजे तिकडच्या चोवीस तासांच्या दुकानातून, साध्या सोया सॉसची छोटी बाटली घेतली होती. फोनचा कॅमेरा पाकिटावर धरला की घटक इंग्रजीत दिसतात, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच असलेली निवडली. बाहेरचं खाणं काढून बसणं तिकडे बरं दिसत नाही, म्हणून काउंटरवरच्या ताईंना फोनवर भाषांतर दाखवून विचारलं की वडील मासे खात नाहीत, आमचा सॉस घातला तर चालेल का. त्या दोनदा मान हलवून हो म्हणाल्या आणि सॉसचा कप स्वतः ट्रेवरून उचलून घेतला. तर बाबांचा वाडगा असा झाला, गरम उदोन, आमचा सोया सॉस, वरून किसलेलं आलं, कांद्याची पात, तीळ, हे सगळं फुकट असतं, आणि थोडी टेबलावरची शिचिमी, ती सात मसाल्यांची तिखट पूड. बाबांनी पहिला घास घेतला, थांबले आणि म्हणाले, "चांगलं लागतंय की." त्या दोन शब्दांसाठी मी दोन दिवस जीव मुठीत धरून होते. गार वातावरणात ते गरम गरम, मऊ आणि तरी दाताला लागणारं उदोन म्हाताऱ्या माणसांना फार मानवतं, आईंनीही सोमवारी हेच खाल्लं.

एरवी आईंचं सुख वेगळंच. काके उदोन आणि वर कोळंबीचा तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली कोळंबी, आणि त्या रश्श्याचा एकेक घोट घेत त्या आम्हाला सांगत होत्या की हे लोक सुकं किती हलक्या हाताने वापरतात, चव येते पण वास अंगावर येत नाही. मला वाटतं त्या दहा दिवसांत जपान सगळ्यात नीट आईंनाच समजलं.

तेंपुऱ्याच्या काउंटरला मात्र सावध. भाज्यांची काकिआगे, म्हणजे कांदा-गाजराची थाळीएवढी कुरकुरीत भजी, रताळं, भोपळा, हे सगळं दिसायला शाकाहारी आहे, पण तेल कोळंबी आणि चिकन तळलेलंच, आणि पिठात अंडं असू शकतं. बाबांना आम्ही दिलं नाही. चिकुवा नावाचा नळीसारखा पदार्थ असतो, तो भाजीचा रोल वाटतो, पण तो माशाचा आहे. इनारि म्हणजे तोफूच्या पिशवीतला भात, गोडसर, मुलांना आवडतो, पण ती पिशवीही साधारण दाशीतच शिजवतात. निकु उदोन म्हणजे बीफचं, आणि करी उदोनच्या वाटेलाही जाऊ नका, त्यात मांस असतं. मांसाचे शब्द इतर ठिकाणीही लागतील, ग्यु बीफ, बुता डुक्कर, तोरि चिकन.

खर्चाचं म्हणाल तर तिथलं सगळ्यात स्वस्त पोटभर जेवण हेच होतं. १०० येन म्हणजे साधारण ५५-६० रुपये धरा. साधं उदोन ४०० येनच्या आसपास, तेंपुऱ्याचा एकेक नग दीडशे-दोनशे येन, म्हणजे माणशी साडेतीनशे-चारशे रुपयांत आमचं भागत होतं. पाणी फुकट. टिप द्यायची नाही, दिली तर परत करतात. मोठ्या शहरांत कार्ड चाललं पण थोडी रोकड खिशात असू द्या.

वेळ सांभाळा. बारा ते एक ऑफिसची गर्दी असते, चर्चगेटच्या खाऊगल्लीत दुपारी असते तशीच, म्हणून आम्ही अकराला नाहीतर दोननंतर जायचो, म्हणजे पाच जणांना एकत्र बसायला मिळायचं आणि बाबांसाठी विचारपूस करताना मागच्यांचा खोळंबा व्हायचा नाही. जेवण झालं की ट्रे स्वतः उचलून परत द्यायच्या खिडकीत ठेवायचा. सुरसुर आवाज करत खाल्लेलं चालतं, लेक त्यावर फार खूश होती. पण चॉपस्टिकने दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, ते तिकडे अंत्यविधीत अस्थी उचलताना करतात, आणि भातात उभ्या रोवायच्याही नाहीत. काटा हवा असेल तर फोऽकु म्हणा, मिळतो.

रोज काही हेच खाता येत नाही म्हणून बाबांसाठी अजून दोन गोष्टी. टोकियो स्टेशनात टीज तानतान नावाचं रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांचं, दुकान आहे, ते पूर्ण व्हेगन आहे, अंडंही नाही, तिथे बाबांनी पहिल्यांदाच निर्धास्तपणे तीळ घातलेला तिखट रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. फक्त ते तिकिटाच्या गेटच्या आत आहे, केइयो लाइनकडे जाणाऱ्या वाटेवर, तेव्हा गाडी पकडायच्या दिवशीच तिथलं जेवण ठरवा, म्हणजे वेगळं तिकीट काढावं लागणार नाही. आणि हॉटेलच्या काउंटरवर पहिल्याच दिवशी एका कागदावर जपानीत लिहून घ्या की हे मांस, मासे, अंडं आणि माशाची दाशी खात नाहीत. आम्ही तो कागद दुसऱ्या दिवशी केला आणि बाबांनी तो परत येईपर्यंत सदऱ्याच्या खिशात, छोट्या ज्ञानेश्वरीच्या पानांत घालून ठेवला होता.