चार ओळींत भागलं असतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. १ मेला कामगार दिनाच्या निमित्ताने शिकागोचा विषय निघाला की मी जॉन पीटर ऑल्टगेल्डचं नाव घेतो आणि कुणीतरी विचारतंच, "हा कोण? आणि तुम्हाला त्याचं एवढं काय कौतुक?"

हा १८९३ ते १८९७ इलिनॉय राज्याचा गव्हर्नर. जन्म जर्मनीतला, १८४७चा. तान्हा असतानाच आईबाप त्याला घेऊन ओहायोत आले. कोवळ्या वयात यादवी युद्धात गेला, मग शाळामास्तर, वकील, जमिनी-इमारतींच्या व्यवहारात गबर, पुढे न्यायाधीश. अशा कहाण्या अमेरिकेत पैशाला पासरी.

कौतुक पुढचं आहे. ४ मे १८८६च्या रात्री शिकागोत हेमार्केट चौकातल्या कामगारांच्या सभेत पोलिसांवर बॉम्ब पडला. कुणी टाकला ते आजतागायत सिद्ध झालेलं नाही. आठ अराजकवादी, म्हणजे सरकारची सत्ताच नको म्हणणारे कार्यकर्ते, दोषी ठरले. चौघे फासावर गेले, एकाने कोठडीत जीव दिला, तिघे तुरुंगात राहिले. या तिघांना सोडा म्हणून शिकागोतली बडी मंडळीही अर्ज करत होती. गव्हर्नर म्हणून ऑल्टगेल्डने 'शिक्षा पुरेशी झाली, दया दाखवतो' असं चार ओळींत लिहिलं असतं तरी भागलं असतं.

हा गडी खटल्याच्या मुळाशीच गेला. २६ जून १८९३ला त्याने तिघांची शिक्षा माफ केली आणि त्या हुकुमात पानंच्या पानं लिहिली : ज्युरीची नावं रीतसर चिठ्ठ्या काढून आलीच नाहीत, खास नेमलेल्या बेलिफाने हवी ती माणसं गाठून आणली, आमचं मत आधीच झालंय म्हणणारेही न्यायाधीश गॅरींनी चालवून घेतले, बॉम्ब टाकणाऱ्याचा आरोपींशी संबंध कुणी दाखवलाच नाही.

'सुटकेशी मतलब, कारणं कशाला?' असं मला ऐकवतात. अहो, नुसत्या दयेने तिघे बाहेर आले असते, पण फाशी गेलेले चौघे खुनीच राहिले असते ना!

वर्तमानपत्रांनी त्याला अराजकवादी ठरवून सोलून काढलं. १८९४च्या पुलमन या रेल्वे-डबे कंपनीच्या संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने याला न विचारता शिकागोत फौज धाडली, तेव्हाही हा भांडला. १८९६ची निवडणूक हरला. नव्या गव्हर्नरच्या शपथविधीत मावळत्याने निरोपाचं भाषण करायची रीत होती. त्याला ते करू दिलं नाही.