धार बघून निघा : आमची वाटचाल

होडीच्या मशीनला थंड करणाऱ्या पाण्यातला कचरा अडवणाऱ्या गाळण्या आम्ही बनवतो. आमच्या वर्कशॉपच्या दारावर नावाच्या पाटीपेक्षा मोठ्या अक्षरांत तीन शब्द रंगवलेले आहेत : धार बघून निघा. मालवणात फिरायला आलेल्यांना त्याचा उलगडा होत नाही, होडीवाल्यांना लगेच होतो. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाच्या मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडत असते. धार उडतेय म्हणजे खालून घेतलेलं पाणी वर चढतंय, मशीन थंड राहतंय. ती तुटक झाली किंवा वाफाळती यायला लागली, की हात आधी चावीकडे गेला पाहिजे.

२५ वर्षांपूर्वी मी आणि धाकट्या भावाने हे वर्कशॉप सुरू केलं तेव्हा आम्ही फक्त दुरुस्ती करायचो. वडील ट्रॉलरवर फिटर होते, त्यांचीच पान्यांची पेटी आमचं भांडवल. ट्रकच्या इंजिनावर उभी केलेली डिझेल मशिनं यायची. मशीनच्या वरच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं गॅस्केट उडालेलं, हेड वाकलेलं. आम्ही उघडायचो, नीट करायचो, पैसे घ्यायचो. एका होडीचं मशीन एकाच हंगामात तिसऱ्यांदा आलं. त्या वेळी पैसे द्यायला मालकाची बायको आली होती. सकाळची मासळी विकून आणलेल्या दहा-वीसच्या ओल्या नोटा तिने मोजून टेबलावर ठेवल्या. मला ते पैसे उचलवेनात. हेड आम्ही चोख बसवलं होतं, पण मशीन गरम का होतंय हे आम्ही एकदाही शोधलं नव्हतं.

त्या रात्री मशीन थंड करायला समुद्राचं पाणी ज्या वाटेने येतं ती सगळी वाट सोडवली. होडीच्या बुडाचा सी-कॉक, म्हणजे पाणी आत घ्यायचा नळ, तिथून रबरी नळी, मग पंप, तेल थंड करणारा ऑईल कूलर, मशीनमधलं पाणी थंड करणारा हीट एक्स्चेंजर. कूलरच्या तोंडाशी बोटभर लगदा बसला होता : सुरूच्या काड्या, नायलॉन जाळ्याचे धागे, नारळाच्या सोडणाचा काथ्या. देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्याला सुरूची झाडी आहे. तिच्या काड्या सुईसारख्या बारीक. गोल भोकातून उभ्या आत शिरतात आणि कूलरच्या नळ्यांच्या तोंडावर आडव्या होऊन बसतात. एक अडकली की तिच्यावर दुसरी.

पुढे वर्षभर मी प्रत्येक मशीनमधून निघालेला कचरा डब्यात भरून ठेवला, डब्यावर महिना लिहिला. १ जूनपासूनची ६१ दिवसांची मासेमारी बंदी संपून होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, तेव्हा पावसाने कर्ली खाडीतून आणलेला पालापाचोळा, झावळ्यांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या आणि पिशव्या यायच्या. कोरड्या दिवसांत खडकावरून सुटलेलं शेवाळ. काड्या आणि नायलॉन बारमाही. ते डबे अजून फळीवर आहेत. आमचं पुढचं सगळं काम त्या डब्यांतून निघालं.

पहिली गाळणी आम्ही केली ती १ मिलिमीटरच्या जाळीची. जाळी जितकी बारीक तितकं पाणी स्वच्छ, असा आमचा हिशोब. ती खाडीत अर्ध्या तासात शेवाळाच्या बुळबुळीत थराने लिंपून गेली. ज्यांच्या होडीवर बसवली ते तांडेलकाका (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) ती हातात घेऊन आले. म्हणाले, "झिला, जाळी बारीक केलंस ता बरा, पण पाणी खंयसून येतला?"

ते बरोबर होते. गाळणीने कचरा अडवायचा, पण पंपाला उपाशीही ठेवायचं नाही. गणित साधं आहे. ३२ मिलिमीटर नळीचं तोंड साधारण ८ चौरस सेंटिमीटर. गाळणीच्या सगळ्या भोकांची बेरीज याच्या कितीतरी पट हवी, कारण अर्धी-पाऊण भोकं बुजणारच हे धरून चालायचं. आम्ही ४ मिलिमीटर भोकांचा, भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६ मिलिमीटर अंतराचा पत्रा घेतला. त्याचा ४० टक्के भाग उघडा असतो. त्याची १० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच गोल बास्केट केली, की नुसत्या बाजूंतूनच २५० चौरस सेंटिमीटर वाट मिळते. पाऊण भाग बुजला तरी ६० उरते. एखादी काडी यातूनही निसटते, मान्य आहे. पण लगदा साचत नाही, आणि कूलरचं झाकण वर्षातून एकदा उघडलं की त्या काड्याही निघतात.

धातूने आमचे बरेच पैसे खाल्ले. ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील साचलेल्या खाऱ्या पाण्यात सुईच्या टोकाएवढ्या भोकांनी पोखरलं जातं. आता बास्केट खाऱ्या पाण्यात जास्त टिकणाऱ्या ३१६ नंबरच्या स्टेनलेसची आणि अंगाचं भांडं गनमेटलचं, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचं, ते आम्ही कोल्हापुरात ओतून घेतो. झाकण पारदर्शक ठेवलं, म्हणजे न उघडता आतलं दिसतं. एका गिऱ्हाइकाने ते थिनरने पुसलं आणि तडे गेले. तेव्हापासून प्रत्येक झाकणाबरोबर तोंडी बजावतो : साबण आणि गोडं पाणी, दुसरं काही नाही.

सगळ्यात चांगलं जमलेलं काम म्हणजे उभी गाळणी. सी-कॉकवर सरळ उभा पाईप, आणि त्याचं झाकण होडीबाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर. मशीन बंद करून ते समुद्रात उघडलं तरी शांत पाण्यात आतलं पाणी बाहेरच्या पातळीपर्यंत चढून थांबतं. वरून काठी घातली की बुडाशी अडकलेली पिशवी खाली ढकलता येते. पाण्यात उडी मारायला नको.

यातच माझी सर्वांत मोठी चूक झाली. धक्क्याला बांधलेल्या रिकाम्या होडीवर मी पातळीची खूण केली होती. बर्फ, डिझेल आणि मासळी भरली की होडी किती खाली बसते हे धरलं नाही. परतीच्या वाटेवर खलाशाने झाकण उघडलं आणि पाणी होडीत उसळलं. त्याने सी-कॉक पटकन फिरवला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन पाईप वाढवून दिला, आणि आजवर बसवलेल्या सगळ्या होड्या भरलेल्या अवस्थेत पुन्हा मोजल्या. आता आमचा नियम असा : झाकण भरल्या होडीबाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा निदान एक वीत वर.

आउटबोर्डचं आम्हाला वारंवार विचारतात. पर्यटकांच्या होड्या वाढल्यापासून तर जास्तच. पाणी आत घेणाऱ्या खालच्या फटींवर मच्छरदाणीची जाळी बांधून आलेले लोक मी पाहिले आहेत. तसली जाळी आम्ही विकत नाही आणि कुणी बांधली असेल तर काढायला लावतो. तिच्यावर एक पिशवी चिकटली की पाणी पूर्ण बंद, आणि आतला इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं रबरी चाक, पाण्यावाचून फिरत जळतो. त्यापेक्षा धार बारीक होताच, ती तुटायच्या आधीच, गती उतरवा, न्यूट्रल करा, क्षणभर रिव्हर्स द्या. पिशवी बहुतेक वेळा सुटते. नाही सुटली तर मशीन बंद करून वर उचला आणि हाताने काढा. फटी मोकळ्या असूनही धार नसेल तर धारेच्या भोकात नायलॉनचा जाड दोरा घालून बघा, वाळूचा एक कणही ते बुजवतो.

उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला पक्षी दाखवणाऱ्या एका होडीवाल्याने जलपर्णीचा प्रश्न आणला होता. तिची मुळं केसांच्या जटेसारखी पाण्यात लोंबतात, फटीवर आणि पंख्यावर दोन्हीकडे गुंडाळतात. यावर माझ्याकडे यंत्र नाही. पट्टा दिसला की वळसा घाला, घुसावंच लागलं तर मशीन उचलून वल्ह्याने जा. त्याला हेच सांगितलं आणि त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत.

एक काम मात्र आम्ही कुणालाही टाळू देत नाही. इम्पेलर तुटला तर नवा बसवण्याआधी जुन्याची पाती मोजायची. सहा होती, हातात चार आली, तर दोन पुढे वाटेत कुठेतरी आहेत. दुसरीकडे नवा इम्पेलर घालूनही गरम होणारं एक मशीन आमच्याकडे आलं होतं. ऑईल कूलरच्या वळणात रबराचे ते दोन तुकडे चपखल बसलेले सापडले. त्यांच्यामागे शेवाळ.

सी-कॉक उघडायला विसरून मशीन सुरू करणं, हेही नेहमीचंच. म्हणून आम्ही प्रत्येक गाळणीबरोबर तारेचा एक आकडा देतो, सी-कॉकच्या दांड्यावर अडकवायला. मशीनची चावी त्यावर टांगायची. चावी घ्यायला वाकलं की हात दांड्यावर पडतोच.

आता भाऊ आर्गन वेल्डिंग बघतो, माझा मुलगा पत्रा वळवतो, गॅस्केट बायको कापते आणि तिचं माप माझ्यापेक्षा नेमकं असतं. तांडेलकाका आता समुद्रात जात नाहीत, त्यांची होडी नातू चालवतो. त्यांनी परत आणलेली ती पहिली बारीक जाळी फळीवर डब्यांच्या शेजारी ठेवली आहे. नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी मी ती त्याच्या हातात देतो आणि नळाखाली धरायला सांगतो.