तुम्ही विचारलंत म्हणून: खोट्या गुन्ह्याची चौकशी कशाला बघायची?

काय बघू, असं कुणी विचारलं की मी 'अमेरिकन व्हँडल' सांगते. मग दोन दिवसांनी फोन येतोच. "अगं, खऱ्या खुनांवर ढिगाने डॉक्युमेंटरी पडल्यात आणि तू हे खोटं, तेही असलं अचकटविचकट, बघायला सांगतेस?" प्रश्न रास्त आहे. फोनवर उत्तर तुटक होतं, म्हणून एकदा नीट सांगते.

आधी 'असलं' म्हणजे कसलं ते. डॅन पेरॉल्ट आणि टोनी यासेंडा यांची ही मालिका म्हणजे खऱ्या गुन्ह्यांवरच्या डॉक्युमेंटरींची गंभीर चेहऱ्याने केलेली नक्कल; तिचा आठ भागांचा पहिला सीझन २०१७ साली नेटफ्लिक्सवर आला. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडमधली एक काल्पनिक शाळा. शिक्षकांच्या पार्किंगमधल्या २७ गाड्यांवर कुणीतरी लाल स्प्रेने चित्र काढून ठेवलंय. एसटी स्टँडच्या मुतारीत हमखास दिसतं, तेच चित्र. डायलन मॅक्सवेल या नामचीन वात्रट पोरावर आळ येतो आणि त्याला शाळेतून काढून टाकतात. मग त्याच शाळेतला पीटर माल्डोनाडो मित्राला हाताशी धरतो आणि कॅमेरा घेऊन शोधाला लागतो.

आणि आठही भागांत कुणी म्हणून हसत नाही. भारदस्त निवेदन, पोटात गोळा आणणारं संगीत, भिंतीवर संशयितांचे फोटो. डायलन ते चित्र नेहमीच काढतो, पण त्याच्या चित्रात वृषणांवर केस असतात. गाड्यांवरच्या चित्रांत केस नाहीत. हा मुद्दा पीटर एखाद्या हस्ताक्षरतज्ज्ञाच्या थाटात मांडतो आणि आपणही मान डोलावतो! डायलनला चित्र काढताना पाहिलं म्हणणाऱ्या साक्षीदाराची विश्वासार्हता तपासायची तर त्याने मारलेल्या दुसऱ्याच एका फुशारकीची छाननी होते. तळ्यावरच्या लाकडी धक्क्यावर एका मुलीने त्याच्याशी चाळे केले म्हणे. मग त्या धक्क्याची थ्री-डी प्रतिकृती बनते, कोण कुठे बसलं होतं, कुठून काय दिसलं असतं, सगळं मोजून.

माहितीपटांचं संकलन हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे मला यात दुप्पट मजा येते. एडिटला काय चालतं ते सांगते. मुलाखत सुरू व्हायच्या आधी माणूस कॉलरचा माइक चाचपतो, आवंढा गिळतो, चहा आला का म्हणून दाराकडे बघतो. कॅमेरा चालूच असतो. ते चार सेकंद उचला आणि "त्या रात्री तुम्ही कुठे होतात?" या प्रश्नानंतर लावा. खाली खर्जातला एक सूर सोडा. झाला माणूस गुन्हेगार. त्याच्या तोंडचा एक शब्दही बदललेला नाही.

ही कल्पना नव्हे. २०१५ साली एचबीओवर 'द जिंक्स' ही खरीखुरी माहितीपट-मालिका आली. अब्जाधीश घराण्यातल्या रॉबर्ट डर्स्टवर खुनांचा संशय. शेवटच्या भागात तो बाथरूममध्ये जातो, अंगावरचा माइक चालूच राहतो, आणि तो स्वतःशी पुटपुटतो, 'काय केलं मी? सगळ्यांना मारलं, अर्थातच.' माझ्याही अंगावर काटा आला होता. २०१९ साली मूळ ध्वनिमुद्रणाचा मजकूर कोर्टाच्या कागदपत्रांतून बाहेर आला, तेव्हा कळलं की ही दोन वाक्यं त्याने अशी लागोपाठ म्हटलीच नव्हती. ती पुढेमागे करून जोडली होती. डर्स्ट पुढे २०२१ मध्ये खुनाच्या खटल्यात दोषी ठरला, ते वेगळं. पण प्रश्न-उत्तराची ती जोडी संकलनाच्या टेबलावर तयार झाली होती.

'द जिंक्स' बघताना मला ते कळलं नव्हतं, आणि माझं उत्तर इथेच आहे. समोर मेलेल्या माणसाचा फोटो असतो, त्याची आई बोलत असते, अशा वेळी कात्री कुठे लागली हे कोण बघत बसणार? तसं बघणं असभ्यपणाचंच वाटतं. 'व्हँडल'मध्ये कुणी मेलेलं नाही, गाड्या धुतल्या की संपलं. म्हणून सगळे टाके दिसतात. आपली पिढी 'क्राइम पेट्रोल' बघत वाढली, पण तिथे निदान नट नटाचं काम करतात आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं. खऱ्या माणसाचा खरा उसासा उचलून भलत्याच प्रश्नाला चिकटवणं ही फार वरच्या दर्जाची लबाडी आहे.

पार्टीवरचा भाग तर मी शिकाऊ संकलकांना मुद्दाम दाखवते. एका रात्रीच्या पार्टीत पोरांनी फोनवर काढलेले तुकडे जमवून पीटर ती पूर्ण रात्र पुन्हा रचतो. कुठल्या क्लिपमध्ये मागे कोण उभं आहे, कोण कुणाशी बोलतंय, याच्यावर सगळा खेळ. विनोद म्हणून सुरू झालेलं काम इतकं चोख आहे की २०१८ साली मालिकेला पीबडी हा टीव्ही-रेडिओ क्षेत्रातला मानाचा अमेरिकन पुरस्कार मिळाला, त्याचं मला नवल वाटलं नाही.

शेवट माहीत नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

तपासाच्या नादात पीटर एका मुलीचं कुणाकुणाशी जमलं होतं याची यादीच पडद्यावर आणतो. ती संतापते: माझ्या भानगडींचा या गाड्यांशी काय संबंध? त्याच्याकडे धड उत्तर नसतं. डायलन आरोपातून सुटतो खरा, पण आपल्या निर्दोषत्वाची ही फिल्म बघताना त्याला कळतं की वर्गातले, शिक्षक, सगळेच आपल्याला मठ्ठ समजतात. आणि मग तो स्प्रे घेऊन आपल्या नावडत्या शिक्षिकेच्या अंगणात खरोखरच ते चित्र काढून येतो. पीटरची फिल्म नसती तर काढलं असतं का? मला वाटतं, नसतं.

दुसरा सीझन २०१८ मध्ये आला, मग नेटफ्लिक्सने मालिका बंद केली. तोही बघा, पण त्यात एका कॅथलिक शाळेच्या कॅन्टीनमधल्या सरबतात कुणीतरी जुलाब होईल असं काही मिसळतं आणि परिणाम हातचं न राखता दाखवलाय. त्यामुळे जेवणाचं ताट घेऊन बसू नका. मागाहून फोन करून मला बोल लावायचा नाही.