थेंबांची वही

सोमवार

ही वही थेंबांसाठी आणली. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू शुक्रवारी काढला. पहिला आठवडा दिवसातून ६ वेळा थेंब, मग दर आठवड्याला एक वेळ कमी. बाटल्या दोन. एक नुसती घालायची, दुसरी हलवून. एकीचा थेंब घातला की पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरीचा. या पाच मिनिटांत उठायची सोय नाही, कारण उठले की दुसरा थेंब हमखास राहतो. शनिवारी राहिलाच. म्हणून मागच्या दाराच्या पायरीवर वही घेऊन बसते. खुणा करून झाल्या की उरलेल्या वेळात हे असलं काहीतरी.

मंगळवार

सकाळी देवाची फुलं परडीत घालून समोर ठेवली तर आई म्हणाल्या, "तगर पांढरी असते?"

"पांढरीच असते हो."

"मग मला इतकी वर्षं साईसारखी का दिसत होती?"

मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं, तेही इतक्या सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. आता एका डोळ्याला नवं भिंग, दुसरा जुनाच. त्यामुळे आईंना खेळच मिळालाय. डावा डोळा झाकायचा, उजवा झाकायचा. दूध, चादर, ह्यांचा शर्ट, सगळं दोन्ही डोळ्यांनी तपासून झालं. "या डोळ्याला कळकट, त्या डोळ्याला स्वच्छ. तुम्ही घालता काय साबणात?" संध्याकाळी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हटलं काहीतरी प्रेमाचं बोलणार. तर, "अगं, तू बरीच पिकलीस की!"

त्यानंतर नजर ओट्यामागच्या टाईल्सवर गेली. तेलाचे ओघळ गणपतीच्या साफसफाईपर्यंत लपून राहतील असा माझा अंदाज होता. चुकला.

गुरुवार

बाग म्हणायची म्हणून बाग. नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज वसाहतीतली ही घरं वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आखली तेव्हा प्रत्येक घर सुटं ठेवलं, भिंतीला भिंत लागू दिली नाही. का, तर कुटुंब वाढेल तसं ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. कुटुंबं वाढली, घरं त्याहून जास्त वाढली. आमच्या सासऱ्यांनीही एक खोली पुढे काढली, मग मजला चढवला. मागे उरली साडेचार फुटांची पट्टी. ऊन सकाळी साडेआठ ते अकरा, तेही शेजारच्यांच्या टाकीआडून. त्यात तगर, गवती चहा, अळू (तो लावावा लागत नाही, तोच आपल्याला ठेवून घेतो) आणि अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात कढीपत्ता.

कढीपत्ता आईंचा. अख्ख्या चौकाला, म्हणजे सामाईक अंगणाभोवतीच्या सगळ्या घरांना, पुरवठा इथून. "आई, दोन काड्या हव्या होत्या," असं म्हणत कुणीही यावं, पण तोडायचा आईंनीच. बाकीचे ओरबाडतात, असं त्यांचं मत. आता त्यांना वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही, डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. काळा गॉगल लावून दारातल्या खुर्चीत बसतात आणि तोडते मी.

आज गेले तर शेंड्याच्या काड्या बोडक्या. पानांच्या नुसत्या शिरा शिल्लक. एका पानावर पक्ष्याची शीट दिसली म्हणून अंगठ्याने पुसायला गेले, तर शीट हलली. मी किंचाळले. सुरवंट! बघता बघता तशा सात शिटा मोजल्या.

आईंचा निकाल तयार होता. "मारून टाका." ह्यांनी माळ्यावरून फवारणीचा पंप काढला, कडुनिंबाचं तेल ढवळलं, आणि पावसाने धरलं. पारसिकची टेकडी दिसेनाशी झाली. अशा पावसात फवारलेलं सगळं गटारात. काम पुढे ढकललं. भूतदया वगैरे काही नव्हतं, सांगून ठेवते.

रविवार

थेंब ५ वेळा. पाऊस चालूच. आमच्या पाण्याचं मोरबे धरण भरतंय की नाही यावर चौकात रोज चर्चासत्र.

पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल. तिला शिटा दाखवल्या तर ती ओरडली, "आई, पंप ठेव आधी!" म्हणे या फुलपाखराचं मराठी नाव बहुरूपी. लिंबावर, कढीपत्त्यावर अंडी घालतं. लहानपणी सुरवंट शिटेचं सोंग घेतो, म्हणजे कुणी खायला येत नाही. यांच्यातल्या काही माद्या तर मोठेपणीही बेचव असणाऱ्या दुसऱ्याच फुलपाखराचं रूप घेऊन हिंडतात.

आई गॉगलआडून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्या गावी यायचा बहुरूपी. फौजदार होऊन यायचा आणि अण्णांकडे बैलगाडीचं लायसन मागायचा. अण्णा ओळखायचे, तरी घाबरल्यासारखं करायचे." मग बराच वेळ अण्णांबद्दल बोलल्या. लग्नाला एकतीस वर्षं झाली माझ्या, अण्णा घाबरल्यासारखं करायचे हे मला आज कळलं. त्या नादात दुसरा थेंब वीस मिनिटं उशिरा.

पंप माळ्यावर परत गेला. कुणी ठेवला ते कुणी विचारलं नाही.

बुधवार

माझी रजा संपली. दुपारच्या थेंबांचं खातं ह्यांच्याकडे. वहीतल्या त्यांच्या सगळ्या खुणा एकाच वेळी, एका दमात केल्यासारख्या दिसतात. विचारलं तर, "घातलेत, घातलेत."

शिटा गेल्या, हिरवे झाले! कात टाकली की सोंगही बदलतं. बोटाएवढे गुबगुबीत, पोपटी, अंगावर तिरकस पट्टा. आईंना खुर्ची पिंपाजवळ हवी होती, दिली. "डोळे बघ केवढे आहेत त्याला," म्हणाल्या. ते डोळे नव्हेतच. फुगीर खांद्यावरच्या खुणा त्या, समोरच्याला साप वाटावा म्हणून. खरं डोकं त्याच्या खाली, टाचणीच्या टोकाएवढं, पान कुरतडत असतं. दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक डोळे असतात त्याला, पण त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं काही दिसत नाही. लेकीने हे सांगितल्यावर आई म्हणाल्या, "बारा असून?"

मी पानाला धक्का लावला. डोक्यामागून लालभडक दुहेरी शिंग बाहेर आलं आणि उग्र, आंबूस वास सुटला. दोन क्षणांत आत. आईंनी लगेच माझ्या हातावर चापट मारली. "उगाच त्रास देऊ नकोस."

सातातले चार राहिलेत. बुलबुलांचं काम. आई आता हातात काठी घेऊन बसतात आणि बुलबुल आला की "हट्" म्हणतात. बुलबुलालाही पिल्लं असतील, असं हे म्हणाले. त्यावर अर्धा तास वाद. जेवताना आमटीत कढीपत्ता नव्हता.

शनिवार

थेंब ४ वेळा. सुरवंट दोन. दिव्यांची अवस उद्यावर, म्हणून समया, निरांजनं, लामणदिवा, सगळं पितांबरीने घासायला काढलं. पाण्यात हात घालायला आईंना बंदी, पण तपासणीला नाही. एका समईच्या बुंध्याला काळं राहिलं होतं. परत घासली. मागच्या वर्षी हीच समई तशीच लावली होती, कुणाच्या बापाला कळलं नव्हतं.

सोमवार

एक सुरवंट नाहीसा झाला. गेला बिचारा, असं ठरवलं. दुसरा खोडावरून उतरून भिंतीने चालत चालत वॉशिंग मशीनच्या पाइपला जाऊन चिकटला. संध्याकाळपर्यंत कोष. शेपटाकडून पाइपला घट्ट, आणि कमरेभोवती एक रेशमी धागा, त्यावर मागे रेललेला. पाम बीच रोडच्या टॉवरवर दोर बांधून काचा पुसणारी मुलं रेलतात, अगदी तसा.

तो पाइप गळतो. प्लंबर उद्या यायचा होता. आईंनी ह्यांना सांगून पुढच्या महिन्यावर ढकलला. तोवर पाइपाखाली टमरेल.

मध्ये आठ दिवस काही लिहिलं नाही. पाऊस, ऑफिस, टमरेल ओतणे.

गुरुवार

थेंब ३ वेळा.

सकाळी सातला चहा ठेवायला आले तर आई आधीच मागच्या दारात. गॉगल नाही, दिवा नाही. माझ्याकडे न बघता हात वर केला. थांब, या अर्थाने.

कोषाचं फक्त टरफल लटकत होतं, पारदर्शक. शेजारी पाइपला उलटं धरून बसलेलं काळं फुलपाखरू. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ, शाळेच्या वहीत आखल्यासारखी. पंख पूर्ण उघडलेले, पण हलत नव्हते.

"कधी बाहेर आलं?"

"सहाला. पंख अगदी एवढेसे होते, पिळून न झटकलेल्या रुमालासारखे. मग हळूहळू उघडले."

"मला उठवायचं नाही का आई?"

"तू बोलली असतीस."

हे उठले, फोन घेऊन आले. फोनचा कॅमेरा सुरू होईपर्यंत ते टाकीवरून पलीकडे गेलं होतं. फोटोत पाइप आहे आणि टमरेल आहे. मशीनच्या झाकणावर एक तांबूस थेंब पडलाय. कोषातून निघाल्यावर सोडतात म्हणे. मी फडकं घेतलं, तर आई म्हणाल्या, "राहू दे एक दिवस."

शुक्रवार

थेंब आता २ वेळाच. वहीची पानं उरली बरीच.

कढीपत्त्याला तांबूस कोवळी पालवी फुटलीय, पार खालपासून. चौकातून समोरच्या वहिनी आल्या, आई, दोन काड्या. "त्याला सुट्टी आहे," आईंनी खुर्चीतून सांगितलं. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी अळू दिला.

निघताना पर्स घेतली तर आतून हाक. "येताना स्टेशनवरून कढीपत्ता आण गं. आज कढी करू."

कोथिंबिरीबरोबर फुकट मिळायचा तो. आता भाजीवाला दहा रुपये घेतो, आणि काड्या मोजून देतो.