नागपूर ते संभाजीनगर, दीडशे सीसीवर, एका दिवसात

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "साधी दीडशे सीसीची गाडी आहे. नागपूरहून संभाजीनगर एका दिवसात जमेल का? रस्ता तर सपाट आहे."

जमतं. पण 'सपाट आहे म्हणून सोपं' हा हिशेब चुकीचा आहे. घाटात वळण तुम्हाला जागं ठेवतं, गिअर बदलायला लावतं, इंजिनालाही मध्येमध्ये उसंत देतं. पठारावर तसं काही होत नाही. तोच वेग, तीच बसण्याची पद्धत, तोच वारा तासन्‌तास सोसावा लागतो. इथे माणूस आणि गाडी दोघंही थकतात ते एकसुरीपणाने, आणि तयारी त्याचीच करायची असते.

समृद्धी महामार्गाचा विचार सोडून द्या, त्यावर दुचाकीला परवानगी नाही. आपला रस्ता जुनाच: वर्धा, पुलगाव, कारंजा लाड, मालेगाव (वाशिम जिल्ह्यातलं), मेहकर, सिंदखेड राजा, जालना. अंतर साधारण पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटर. थांबे धरून ताशी सरासरी ४५ ते ५० पडते, म्हणजे दहा-अकरा तास. काटा ८०वर असला तरी सरासरी एवढीच येते. डिसेंबरात सव्वासहाला घर सोडलं की शहराबाहेर पडेपर्यंत उजाडतं. त्याआधी अंधारात निघण्यात फायदा नाही, कारण रोही (नीलगाय) आणि रानडुकरं पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्ता ओलांडतात. एक रोही गेला की दुसरा मागे असतोच. पहिला दिसताच वेग उतरवा.

वेग ७० ते ८०. वाऱ्यावरच थंड होणाऱ्या (एअर-कूल्ड) इंजिनाला १००वर का पळवू नये, याचं उत्तर वाऱ्यात आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. ८०चे १०० केले की वाऱ्याशी झगडायला जवळजवळ दुप्पट ताकद लागते. ती पेट्रोलमधून येते, आणि जास्त पेट्रोल जळलं की इंजिनही जास्त तापतं. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा थेट तोंडावर असतो. तेव्हा काट्यावर ८० असले आणि समोरून २५चा वारा असला, तर हवेच्या हिशेबाने तुम्ही १०५ने चालला आहात. मायलेज पडतं ते याच्यामुळे. म्हणून टाकी अर्धी झाली की भरा, रिझर्व्हची वाट पाहू नका.

आडवा वारा वेगळा. ट्रक शेजारून जाताना क्षणभर आडोसा मिळतो आणि तो सरकताच झोत बसतो. हँडल घट्ट आवळलं तर तो झोत थेट पुढच्या चाकात उतरतो. गुडघ्यांनी टाकी दाबा, कोपर सैल ठेवा, गाडी आपोआप सावरते.

आता चेन. लांब पल्ल्याला निघण्याआधी ती तपासायची. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून पाहा. बहुतेक दीडशेच्या गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर ढील हवी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, ढील बसवायची ती सर्वांत ताणलेल्या जागी. सामान आणि मागे माणूस बसवून चेन आणखी ताणली जाते. ढील कमी ठेवली तर चाकाचं आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग मार खातं. जास्त ठेवली तर चेन चक्राचे दात सोडते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून अ‍ॅक्सलचा नट कसा, नाहीतर चाक तिरकं बसतं.

टायरची हवा सकाळी थंड टायरवर, गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत दुमडतो आणि तापतो. उन्हात चालून आल्यावर मोजलं तर तीन-चार पौंड जास्त दिसतील, ती काढू नका. ट्यूबलेस असेल तर पंक्चरचं भोक साफ करायला रीमर, ते बुजवायला चार-पाच पट्ट्या, सोल्युशन आणि हातपंप सोबत हवा. कारंजा ते मेहकर या पट्ट्यात दुपारच्या उन्हात पंक्चरवाला शोधत गाडी ढकलणं फार महागात पडतं. ऑइल बघताना गाडी सरळ उभी करा, स्टँडवर कलती नको.

उन्हाळ्यात निघायचंच असेल तर एक गोष्ट मनापासून सांगतो. ४३-४४ अंशांत जॅकेट उघडं टाकून वारा घेऊ नका. आपली त्वचा साधारण ३५ अंशांची असते. त्याहून गरम हवा अंगावर आली की ती थंड करत नाही, भाजते, आणि घाम जाणवायच्या आतच उडून जातो. त्यापेक्षा सुती बनियन पाण्यात पिळून घाला आणि वरून जॅकेट बंद ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात ते वाळलं की पुन्हा भिजवा. तासाला किमान अर्धा लिटर पाणी, दिवसातून एक-दोनदा लिटरभर पाण्यात ओआरएसची पुडी. लघवी गडद झाली किंवा चार तास लागलीच नाही, तर सावली गाठा आणि बसा. डोकं दुखायला लागण्याची वाट पाहू नका.

दुपारी एक ते चार ही झोपेची वेळ. जेवण हलकं ठेवा. तर्री पोहे सकाळी चालतात, दुपारी भरपेट थाळी नको. दर ८०-९० किलोमीटरला उतरा, हेल्मेट काढा, चाला. मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील तर तो थकवा नाही, झोप आहे. वीस मिनिटं झाडाखाली आडवं व्हा. चहाने फक्त अर्धा तास निभतो.

ऑक्टोबरात सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं असतं. त्यावर ब्रेक दाबला की चाक घसरतंच, म्हणून आधीच वेग उतरवून सरळ जा. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेल्या काळ्या मातीचंही तसंच.

पश्चिमेला जाताना सकाळी सूर्य पाठीशी असतो. तुम्हाला छान दिसतं, पण समोरून ओव्हरटेक करणाऱ्याचे डोळे दिपलेले असतात, त्याला तुम्ही दिसत नाही. २०१७नंतरच्या गाड्यांचा हेडलाइट आपोआप चालू असतो, जुन्या गाडीवाल्यांनी तो लावायचा. साडेतीननंतर सूर्य तुमच्या डोळ्यांत येतो. तेव्हा जालन्याला थांबाच. शेवटचे साठ किलोमीटर शहराच्या गर्दीचे आहेत आणि त्या वेळी तुम्ही सर्वांत जास्त दमलेले असता.

पोचल्यावर आंघोळीच्या आधी चेनला तेल द्या. गरम चेनच्या रोलरमध्ये ते आतवर जातं आणि रात्रभरात मुरतं. सकाळी निघताना दिलेलं तेल पहिल्या दहा किलोमीटरातच रिमवर उडतं.