फुगणारे पीठ आणि घरची पथ्ये

कोल्हापूरच्या राजारामपुरीत केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत हल्ली चॉकलेट चिप्स आणि रंगांच्या बाटल्यांशेजारी सेल्फ-रेझिंग पिठाची पाकिटे मांडलेली दिसतात. मोबाइलवर परदेशी पाककृती पाहून केक करणाऱ्या मुली ती हौसेने नेतात आणि त्यात गैर काहीच नाही. मैद्यात बेकिंग पावडर (खायचा सोडा आणि कोरडे आम्ल यांची भुकटी), आणि अमेरिकी पद्धतीचे पीठ असेल तर मीठही, कारखान्यातच मोजून मिसळलेले असते. त्यामुळे घरी चमच्यांचा हिशेब उरत नाही. मला मात्र ते पाकीट पाहिले की आमच्याकडची पंगत आठवते. तिच्यात एकाला रक्तदाबामुळे मीठ बेताचे, एकीला मधुमेह, आणि भाचीला गव्हाचा कणही वर्ज्य. अशा पंगतीत सगळ्यांसाठी आधीच कालवून ठेवलेले पीठ कोणाच्या पानात वाढायचे?

गंमत अशी की हे पीठ ज्या पावडरीच्या जोरावर फुगते, तिचा जन्मच पथ्यातून झालेला आहे. बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीला, एलिझाबेथला, अंडे सोसत नसे आणि यीस्टही. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये बिनअंड्याचे कस्टर्ड केले आणि १८४३ मध्ये यीस्टवाचून पाव फुगवणारी बेकिंग पावडर. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स या बेकरीवाल्याने सोडा आणि आम्ल थेट पिठात मिसळून त्याचे पेटंट घेतले. बोटीवरच्या खलाशांना टणक बिस्किटांऐवजी ताजा पाव मिळावा, असा त्याचा हेतू होता. नौदलाच्या साहेबलोकांनी मात्र १८५५ पर्यंत त्याला दाद दिली नाही. एका बाईच्या पथ्यासाठी निघालेली वस्तू अशी पिठात कायमची मुरली आणि तिथेच ती इतरांच्या पथ्याच्या आड येऊ लागली.

रक्तदाबाचेच घ्या. साध्या मैद्यात सोडियम जवळजवळ नसतेच. अमेरिकी सेल्फ-रेझिंग पिठात मात्र ते १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आतच राहायला सांगते. ब्रिटिश पद्धतीच्या पिठात बहुधा मीठ घालत नाहीत, म्हणून तिथला आकडा बराच खाली येतो, पण सोडा असतोच, आणि सोड्यातले सोडियम जिभेला खारट लागत नाही, ही खरी मेख आहे. आमटी अळणी आहे की नाही हे घास घेताच कळते. केक गोड लागतो आणि खाणारा निर्धास्तपणे दुसरा तुकडा उचलतो. पोटॅशियमवर आधारलेली, सोडियम नसलेली बेकिंग पावडरही असते, पण किडनीच्या रुग्णाला पोटॅशियमही जपून घ्यावे लागते, त्यामुळे ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरता येत नाही. शिवाय अशा रुग्णाला फॉस्फरसही जपावा लागतो; पावडरीतले आम्ल बहुतेक वेळा फॉस्फेटचे असते, आणि धान्यातल्या फॉस्फरसपेक्षा हे वरून घातलेले फॉस्फेट शरीरात कितीतरी अधिक शोषले जाते. मधुमेहाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही: मैदा फुगला म्हणून त्याचा मैदेपणा जात नाही.

सिलिअ‍ॅक हा आजार असलेल्या माणसाची गोष्ट याहून कडक आहे. ही नुसती न सोसण्याची तक्रार नव्हे. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. म्हणून ‘थोडे खाल्ले तर काय होतंय’ हे आपले लाडके वाक्य इथे चालत नाही. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये, असा आपल्याकडचाही नियम आहे. तांदूळ, बटाटा, टॅपिओका यांची ग्लुटेनमुक्त सेल्फ-रेझिंग पिठे मिळतात, पण सुटी बेकिंग पावडर घेतानाही डब्यामागची बारीक अक्षरे वाचावी लागतात, कारण पावडर कोरडी राहावी म्हणून घातलेला स्टार्च क्वचित गव्हाचाही असतो. (खडा सोडून पुडीचा हिंग वापरणाऱ्यांनी तीही डबी एकदा उलटी करून पाहावी, तिच्यात बऱ्याचदा मैदा सापडतो.)

आता कोणी म्हणेल, कोल्हापुरात जोंधळ्याला काय तोटा? लक्ष्मीपुरीतून धान्य आणावे आणि भाकरी थापावी. जोंधळ्यात ग्लुटेन नसतेच; भाकरीचे पीठ एकजीव होते ते कढत पाण्याने. पण धान्य निर्मळ असून भागत नाही, जाते कोणते हेही पाहावे लागते. आमच्या गिरणीत पांढऱ्या धुरळ्याने भुवया माखलेला दळणवाला डबा हातात घेण्याआधीच सांगतो, “काकी, आत्ताच गहू उतरलाय. तुमचा जोंधळा सकाळी पहिला घालतो.” त्याचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो, तरी रात्रभर दगडांच्या फटीत बसलेले गव्हाचे पीठ सकाळच्या पहिल्या दळणातच उतरणार, हेही खरेच. त्यामुळे भाचीच्या वाट्याचे धान्य घरच्या छोट्या चक्कीवर निघते, आणि त्या चक्कीला गहू दाखवायचा नाही असा दंडक आहे.

फुगवण्याची हौसही सोड्यावाचून भागते. उडीद-तांदळाचे पीठ रात्रभर ठेवले की त्यातले जिवाणू स्वतःच वायू तयार करतात आणि इडली हलकी होते. तिच्यात ना गहू, ना सोडा; मीठ किती घालायचे तेही आपल्या हातात. थंडीत तेच पीठ आंबायला फार वेळ लावते, हे मान्य. दुकानातल्या झटपट इडली-ढोकळ्याच्या पाकिटांत मात्र सोडा आणि सायट्रिक आम्ल हेच जोडपे बसलेले असते, म्हणजे तीही सेल्फ-रेझिंग पिठाचीच भावंडे. बेसनाचे म्हणून आणलेल्या पाकिटात रवा नाही ना, हेही पाहून घ्यावे.

तयार पाकीट अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. एलिझाबेथबाईंसारखे यीस्ट न चालणारे कोणी असेल किंवा दूध-अंडी वर्ज्य असतील, तर हे पीठ बहुधा बिनधोक चालते. हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चमचा मोजण्यातून सुटका मिळते, हेही काही थोडे नव्हे. पण अनेक पथ्यांच्या घरात मैदा, पावडर आणि मीठ यांचे डबे वेगळे असलेलेच बरे. १०० ग्रॅम पिठाला चहाचा सपाट चमचाभर बेकिंग पावडर एवढेच तर ते मिश्रण. भाचीसाठी मैद्याच्या जागी तांदूळ आणि जोंधळ्याचे पीठ, आणि केक भुसभुशीत होऊन कोसळू नये म्हणून जरासा इसबगोल. हे मिश्रणही त्या दिवसापुरतेच करावे. इथल्या पावसाळ्याची दमट हवा डब्यात शिरली की सोडा आणि आम्ल आतल्या आतच आपले काम उरकून घेतात. शंका आलीच तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकावी, आणि ती खळखळून फसफसली नाही तर सरळ फेकून द्यावी.