उपकरण आल्यानंतरचा खर्च

शाळेत डिजिटल फळा बसवला जातो त्या दिवशी फोटो काढले जातात. पुढे त्या फळ्याच्या प्रोजेक्टरचा दिवा गेला, तर नवा दिवा कोणत्या निधीतून आणायचा हे मात्र कुणालाच ठाऊक नसते. शिक्षणातील गुंतवणुकीबद्दलच्या चर्चेत मला खटकते ते हेच, की आपण खरेदीलाच गुंतवणूक समजतो.

शाळांवर पैसा खर्च करून खरोखर काही साधते का, ही शंका जुनीच आहे. अमेरिकेतील शाळांच्या निधीवाटपात न्यायालयीन निकालांमुळे जे बदल झाले, त्यांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शाळेच्या बाराही वर्षांत दर विद्यार्थ्यामागचा खर्च १० टक्क्यांनी जास्त राहिला, तर मुले सरासरीने ०.३१ वर्षे अधिक शिकतात आणि मोठेपणी त्यांची मिळकत सुमारे ७ टक्क्यांनी जास्त असते, असे त्यात आढळले. गरीब घरांतील मुलांचा फायदा याहूनही मोठा होता. हा वाढीव पैसा जिथे आला, तिथे शिक्षकांचे पगार सुधारले होते, एका शिक्षकामागची मुले कमी झाली होती आणि शाळेचे दिवस वाढले होते.

पेरूमध्ये ग्रामीण प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप वाटण्यात आले. ३१९ शाळांच्या पाहणीत दर मुलामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलेले दिसले, पण सुमारे पंधरा महिन्यांनंतरही गणित आणि भाषा या विषयांत काहीच फरक पडला नव्हता. यात लॅपटॉपचा दोष नाही. त्यावर कोणता पाठ, कधी आणि कसा घ्यायचा हे शिक्षकाच्या हाती कुणी दिलेच नव्हते.

याउलट दिल्लीतील एका प्रयोगात शाळा सुटल्यानंतर मुलांना रोज ४५ मिनिटे संगणकावर आणि ४५ मिनिटे छोट्या गटात एका मार्गदर्शकाकडे शिकवले गेले. सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि संगणक प्रत्येकाची पातळी तपासून तिथूनच प्रश्न देत असे. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती दिसली. एकाच वर्गात तिसरीच्या आणि सहावीच्या पातळीची मुले शेजारी बसलेली असताना प्रत्येकाला वेगळे उदाहरण देणे चाळीस मुलांच्या शिक्षकाला अशक्यच असते (मला तर चार मुलांनाही जमले नसते), म्हणून यंत्राचे खरे काम मला इथे दिसते, आकर्षक चित्रफितींत नव्हे.

त्यामुळे कोणताही खरेदीप्रस्ताव हाती आला, की मी किमतीच्या रकान्याआधी तीन गोष्टी शोधतो: शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे तास, दुरुस्तीची वार्षिक तरतूद आणि मूल नेमके कुठे अडले आहे हे दाखवणारी सोय. बहुतेक वेळा मला वॉरंटीचा कालावधी तेवढा सापडतो.